खाड्यांची वही

रा. रं. बोराडे ११ फेब्रुवारी २०२५ रोजी छत्रपती संभाजीनगरात गेले. बातमी कळली तेव्हा मला सरांच्याही आधी पारबती आठवली. 'पाचोळा' १९७१ साली आली. म्हणजे अर्ध्या शतकाहून अधिक काळ ही बाई बोलते आहे. गंगाराम शिंप्याची बायको. मराठवाड्यातल्या एका खेड्यात नांदणारी, नवऱ्याचा ताठा आणि गावाचे डाव एकाच वेळी सोसणारी. लातूरकडच्या काटगावात १९४० मध्ये जन्मलेल्या, मराठी शिकवता शिकवता प्राचार्य झालेल्या एका माणसाने तिला बोलतं केलं. तो माणूस गेला. त्या रात्री मी 'पाचोळा' काढून बसलो, तर पारबतीच्या बोलण्यात कुठेच खंड पडलेला नव्हता. तिला काही कळलंच नव्हतं.

मी स्वतः एक कादंबरी लिहितो आहे आणि तिच्यातली बाई माझ्याशी नीट बोलत नव्हती, म्हणून ते पुस्तक त्या रात्री मी नेहमीसारखं वाचू शकलो नाही. हे सरांनी केलं कसं, एवढंच शोधत होतो. तिशीतला एक शिकलेला पुरुष. दिवसभर वर्गात प्रमाण मराठी बोलायची, सभांत बोलायची, कागदपत्रांवर सह्या करायच्या. आणि लिहायला बसलं की शिंपिणीच्या चुलीपुढे बसायचं. त्यासाठी त्याने काय काय दाराबाहेर ठेवलं असेल?

'पाचोळा'आधीही ग्रामीण कथा-कादंबरीत बोली होतीच, पण ती बहुतेक संवादांत. पात्रं आपापल्या बोलीत भांडायची, रडायची आणि त्यांच्याविषयीचं सगळं लेखक आपल्या लेखी मराठीत सांगायचा. बोराड्यांनी निवेदनच पारबतीच्या तोंडी दिलं. ऐकायला ही गोष्ट लहान वाटते. लिहिणाऱ्याला विचारा. एकदा पारबती 'मी' म्हणाली की लेखकाच्या हातात फारसं काही उरत नाही. ती जिथे नाही तिथलं सांगता येत नाही. पारावर पुरुष काय ठरवतात ते तिच्या कानावर येईल तेव्हाच आणि येईल तेवढंच वाचकाला मिळतं. संध्याकाळ रंगवायची सोय राहत नाही, कारण तिची संध्याकाळ म्हणजे दिवा लावायची आणि पिठाचा डबा बघायची वेळ. गावाच्या अर्थकारणाचं, सत्तेचं सगळं गणित लेखकाला माहीत असलं तरी ते मांडायची त्याला परवानगी नाही. पारबतीला ते गणित माहीत नाही. तिला नवरा माहीत आहे.

याआधी अकरा वर्षं, १९६० मध्ये, उद्धव शेळक्यांची 'धग' आली होती. तिच्यातली कौतिक वऱ्हाडातली, आणि तीही शिंप्याचीच बायको. मराठीतल्या दोन थोर कादंबऱ्या दोन शिंपिणींच्या जिवावर उभ्या आहेत, याचं मला फार वाटतं. शेळके कौतिककडे जरा बाजूला उभं राहून बघतात. ती राबते, हट्ट धरते, मोडते, पुन्हा उठते आणि तो माणूस नजर न हटवता बघत राहतो. त्या बघण्यात एवढी माया आहे की वाचताना घसा दाटतो. बोराडे मात्र बघतच नाहीत. ते आत गेलेले असतात आणि तिथून बाहेर येत नाहीत. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. कुठली वाट कोणाला लागू पडते, हे मला कळत नव्हतं.

आत जायची वाट तशी जुनी. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः येऊ लागली, तेव्हा हरिभाऊ सव्वीस वर्षांचे होते. पुण्यातला तो तरुण यमू नावाच्या मुलीच्या तोंडून तिचं माहेर, सासर, नवऱ्याबरोबरचे सुखाचे मोजके दिवस आणि शेवटी तिच्यावर लादलेलं केशवपन सांगतो. सुधारणेच्या बाजूने त्याला लेख लिहिता आले असते. पण यमू बोलू लागली आणि घराघरांत लोक पुढच्या अंकाची वाट बघू लागले. सव्वीस वर्षांच्या पुरुषाला परकरातल्या मुलीचं मन काय कळणार, असा प्रश्न विचारणं सोपं आहे. मला त्याचं उत्तर उलट्या बाजूला दिसतं. यमू त्याच्यापासून इतकी लांब होती की तिच्याविषयी काहीच गृहीत धरून त्याला चाललं नसतं. प्रत्येक गोष्ट विचारावी लागली असणार, ऐकावी लागली असणार.

आता माझ्या बाईविषयी.

तिचं नाव गयाबाई. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बेगमपुऱ्यात ती मेस चालवते, साल १९९०च्या पुढेमागे. विद्यापीठाच्या पायथ्याशी बेगमपुरा, पहाडसिंगपुरा, जयसिंगपुरा या भागात खोल्या करून राहणारी पोरं तेव्हाही होती, आजही आहेत. कोणी परभणीचं, कोणी माजलगावचं, कोणी किनवटचं. घरून महिन्याला जे येतं त्यातले निम्मे पैसे मेसला जातात. मीही त्याच पोरांतला. त्या वर्षांत मी ज्या ज्या मेसमध्ये जेवलो तिथल्या बायकांचं थोडं थोडं गयाबाईत उतरलं आहे, पण ती त्यांतली कुणीच नाही. एकीचा चेहरा समोर ठेवून लिहायला घेतलं की हात आखडतो. त्या खऱ्या बाईची अब्रू, तिची मुलं, तिचे उपकार सगळे येऊन कागदाभोवती बसतात. ज्या दिवशी गयाबाई कुणासारखीच दिसेनाशी झाली, त्या दिवशी ती मला पहिल्यांदा दिसली.

दिसली म्हणजे काय, ते सांगतो. लोकांना वाटतं पात्र आधी सुचतं आणि मग लेखक त्याला घडवत नेतो. माझ्याकडे असं काही होत नाही. माझ्याकडे आधी बोलणं येतं. घाटी रुग्णालयाच्या ओपीडीबाहेर जरा वेळ बसलं, मध्यवर्ती बसस्थानकात जालना-अंबडच्या गाड्या लागतात तिथे उभं राहिलं, की मराठवाड्याच्या सगळ्या तालुक्यांतल्या बाया एकमेकींना आपलं दुखणं सांगत असतात. मी त्यांचं काही टिपून घेत नाही. ऐकलेल्या माणसाची परवानगी न घेता त्याचं वाक्य वहीत उतरवणं मला बरं वाटत नाही. पण चाल राहते. वाक्य कुठे थांबतं, कुठल्या शब्दावर जोर येतो, कुठली गोष्ट सांगायची म्हणून सुरू होते आणि मधेच गिळली जाते, ते राहतं. पहाटे लिहायला बसलो की ती चाल आधी येते, आणि तिच्यामागून बाई.

लिहिलेलं पान मी मोठ्याने वाचतो. तेव्हा कळतं की कुठलं वाक्य तिचं आणि कुठलं माझं. नवरा गेल्यानंतरच्या दिवसांबद्दल गयाबाई बोलते आहे असं एक पान होतं. त्यात 'एकटेपणा' आला होता. मोठ्याने वाचताना तिथे जीभ अडली. हा शब्द गयाबाई आयुष्यात बोलणार नाही. ती म्हणेल, 'घर खायाला उठायचं. मंग म्या दोन पोरं जेवायला ठिवली.' एवढं म्हणून ती कणकेकडे वळेल. मेस कशी सुरू झाली हे मला तोवर माहीत नव्हतं. पैशासाठी सुरू झाली असणार असं मी धरून चाललो होतो. ते एक वाक्य आलं आणि आधीची कितीतरी पानं आपोआप बाद झाली. अशी पानं बाद होतात तेव्हा मला फार आनंद होतो. ती बाई आपल्या पायांवर उभी राहिली, याचाच तो पुरावा असतो.

मेसमध्ये एक व्यवहार असतो, खाड्याचा. पोरगं गावी जाणार असेल, आजारी असेल, तर आदल्या संध्याकाळी सांगायचं. त्या दिवसाचा खाडा धरला जातो आणि महिन्याच्या हिशेबातून तेवढे पैसे वजा होतात. न सांगता गेलं तर खाडा नाही; त्याच्या वाटचं अन्न शिजलेलं असतं. गयाबाई शाळेत गेलेली नाही. तिला आकडे येतात, अक्षरं येत नाहीत. म्हणून तिच्या वहीत पोरांची नावं नाहीत, खुणा आहेत. चष्मेवाल्यासाठी दोन गोल. सायकल असणाऱ्यासाठी चाक. एका मुलाचा बाप टाळकरी होता, त्याच्यासाठी टाळ. या खुणांच्या पुढे आडव्या रेघा. ती वही मला दिसली, आणि ती आकडे कुठे शिकली हा प्रश्न आला.

ती अंबड तालुक्यातली. तो तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होता. जालना जिल्हा पुढे १९८१ मध्ये झाला. १९७२ च्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती. आईबरोबर खडी फोडायला जायची. मिलोच्या लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर ते वर्ष काढलेलं. संध्याकाळी मुकादम हजेरी घ्यायचा. बोटांवर मोजत मोजत ती आकडे शिकली, कारण आईची हजेरी कुठल्या दिवशी चुकून खाड्यात गेली हे मुकादमाला सांगायचं काम तिच्याकडे होतं. एका खाड्याची मजुरी म्हणजे एका दिवसाची चूल. मेसचा खाडा मी स्वतः जेवताना रोज ऐकला होता. दुष्काळी कामावरचा खाडा वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ऐकला होता. दोन्ही एकाच बाईच्या आयुष्यात एकमेकांसमोर येतील असं मी ठरवलं नव्हतं. पोरांच्या खाड्यांचा हिशेब ती इतका काटेकोर का ठेवते, एखाद्या पोराचा एक दिवस चुकीचा लागला तर पहाटेपर्यंत जागी का राहते, याचं उत्तर तिच्या बारा वर्षांच्या बोटांत होतं.

या शहरात कादंबरीची दुसरी वाटही घडली. भालचंद्र नेमाडे सत्तरच्या दशकात इथल्या मराठवाडा विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. 'कोसला' त्याआधीची, १९६३ ची. नेमाडे तेव्हा पंचवीस वर्षांचे. कादंबरी काही दिवसांच्या सपाट्यात लिहून झालेली. पांडुरंग सांगवीकर त्यांच्याच वयाचा, त्यांच्याच खानदेशातला. आडनावात लेखकाच्या गावाचं, सांगवीचं नाव. पारबती बोराड्यांपासून जितकी लांब, तितका पांडुरंग नेमाड्यांना चिकटून. इतका, की पिढ्यान्पिढ्या वाचक दोघांना एकच समजत आले. धोका इथेच असतो. पात्र स्वतःसारखं असलं की लेखक त्याला न विचारता त्याच्या वतीने बोलू लागतो. त्याची बाजू घेतो, त्याचं दुःख फुगवतो. पांडुरंग यातून वाचला, कारण तो स्वतःवरच विश्वास ठेवत नाही. तो स्वतःच्या काळाकडे भावी इतिहास संशोधकांच्या डोळ्यांनी बघतो, स्वतःची रोजनिशी समोर ठेवतो, मोठमोठ्या गोष्टी उडवून लावतो. आणि हे सगळं चालू असताना धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पानं येतात. तिथे उडवून लावायला त्याच्याकडे काही उरत नाही. ती पानं मी तरुणपणी वाचली तेव्हा नुसता रडलो होतो. आता वाचतो तेव्हा दिसतं की एवढं जवळचं मरण लिहिण्यासाठी आधी किती अंतर कमवावं लागलं असेल.

पुढे चांगदेव पाटील आला. 'बिढार' आणि 'हूल' १९७५ मध्ये, 'जरीला' १९७७ मध्ये, 'झूल' १९७९ मध्ये. ही सगळी नेमाड्यांच्या इथल्या नोकरीच्या काळातली वर्षं. चांगदेवही इंग्रजीचा प्राध्यापक, गावोगावची महाविद्यालयं बदलत फिरणारा. ज्या पेशात आपले दिवस जातात त्याच पेशातला माणूस. पण या वेळी 'मी' नाही, 'तो'. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. पात्र पुन्हा जवळचंच निघालं, तर त्याला हाताच्या अंतरावर उभं केलं. एकतीस वर्षांनी, २०१० मध्ये, 'हिंदू' आली तेव्हा तिचा नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक होऊन मोहेंजोदडोच्या उत्खननात उभा होता. स्वतःच्या घरापर्यंत यायला त्याला हजारो वर्षांमधून चालत यावं लागतं.

हे वाचत असताना माझ्या मनात जी गोष्ट पक्की होत गेली ती अशी: लांबच्या माणसाच्या आत जाऊन बसावं लागतं आणि जवळच्या माणसाला उठवून बाहेर न्यावं लागतं. कादंबरीकाराचे बरेच कष्ट या दोन कामांतच जातात.

याची सर्वांत कठोर परीक्षा कादंबरीत झाली नाही, आत्मकथनात झाली. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं. आयुष्य लेखकाचं, नाव लेखकाचं, कल्पित असं काही सांगायचं नाही. तरी पवारांनी काय केलं? दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. स्वतःचेच दोन केले. गावकुसाबाहेरचा दगडू आणि लिहिता-वाचता झालेला, मुंबईत नोकरी करणारा दया, यांच्यामध्ये जी जागा पडली तिच्यातून ते पुस्तक बोलतं. दगडूला नुसतं 'मी' म्हणून लिहिलं असतं तर एवढं उघडं करून सांगता आलं असतं का, मला शंका आहे.

नागसेनवनाच्या शहरात बसून हा विचार करायचा म्हणजे आणखी एका प्रश्नापाशी यावंच लागतं. डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये इथे महाविद्यालय काढलं, तेच पुढचं नागसेनवनातलं मिलिंद. गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' हे नियतकालिक याच शहरातून चालवलं. मिलिंदमध्ये शिकलेल्या, पुढे इथेच प्राध्यापक झालेल्या प्र. ई. सोनकांबळ्यांचं 'आठवणींचे पक्षी' १९७९ चं. उदगीरकडच्या एका पोरक्या मुलाचं भुकेचं, उष्ट्याचं, शाळेचं आयुष्य त्याने स्वतः सांगितलं. आजवर जी माणसं दुसऱ्यांच्या कथांत कोपऱ्यात उभी असायची, ज्यांच्या तोंडी लेखक दोन वाक्यं द्यायचा, ती स्वतः लिहू लागली. मराठी साहित्यात याहून मोठी घटना गेल्या शतकात घडलेली नाही, असं मला मनापासून वाटतं. आणि म्हणून माझ्यासारख्याने गयाबाईला 'मी' म्हणायला लावायचं की नाही, हा प्रश्न आज बोराड्यांच्या काळापेक्षा जड झाला आहे. जी बाई उद्या स्वतः लिहू शकते, तिच्या जागी मी का बसावं? मी हा प्रश्न टाळत नाही. तो रोज माझ्या पानावर असतो, आणि त्याच्यामुळे माझं पान बरं होतं असा माझा अनुभव आहे. तिच्या तोंडी मला सोयीचं वाक्य आलं, वाचकाला बरं वाटेल असं शहाणपण आलं, की हाच प्रश्न मला थांबवतो. हक्काचा निकाल आधी लागत नाही. लिहिलेलं वाक्य तिचं आहे की नाही यावर लागतो.

गयाबाई माळ्याची. हे मला ठाऊक असायलाच हवं. मराठवाड्यात माणसाची जात माहीत नसताना त्याच्या ताटाविषयी लिहिता येत नाही. कादंबरीत ती स्वतः हे कुठेच सांगत नाही. तिला सांगावं लागत नाही. पण तिच्या मेसमध्ये सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवतात, आणि १९९४ चा जानेवारी कादंबरीच्या मध्यावर येतो.

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ ला केला. त्यानंतर मराठवाड्यात जे जळलं ते इथल्या कोणालाही सांगावं लागत नाही. मोर्चे, लाठ्या, बलिदानं यांत जवळजवळ सोळा वर्षं गेली आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. तो दिवस संक्रांतीचा. बेगमपुरा विद्यापीठाच्या दारातच. गयाबाईची पोरं कुठे कुठे असतील त्या दिवशी? काही विद्यापीठाच्या गेटवर, आनंदाने रडत. काहींना आईबापांनी घाबरून आधीच गावी बोलावून घेतलेलं. काही रागाने खोलीत बसलेली. हे प्रकरण मी लिहायला घेतलं तेव्हा मला वाटत होतं, ही बाई आता काहीतरी बोलेल. इतके दिवस पंगतीत वाढते आहे, तिच्या डोळ्यांसमोर पोरं एकमेकांशी बोलायची थांबली आहेत. मी वाट बघितली. ती गुळाच्या पोळ्या लाटत राहिली. दुपारी पंगतीत अर्धी ताटं रिकामी राहिली. संध्याकाळी तिने वही काढली.

नियम साधा होता: आदल्या दिवशी सांगितलं तर खाडा, नाहीतर नाही. त्या दिवशी कुणीच सांगून गेलेलं नव्हतं. दोन गोलांपुढे, चाकापुढे, टाळापुढे तिने एकेक आडवी रेघ ओढली. सगळ्यांचा खाडा धरला. गेटवर गेलेल्याचाही, गावी गेलेल्याचाही, रुसून खोलीत बसलेल्याचाही. त्या महिन्याच्या हिशेबात तिला खोट आली. कोण कुठे होतं हे तिने विचारलं नाही आणि मी तिच्या तोंडून ते काढून घेतलं नाही. 'सणाचं लेकरं जेवले न्हाईत,' एवढं ती शेजारणीला म्हणाली. तिच्या मनात नामांतराविषयी काय होतं? मला माहीत नाही. मला माहीत असतं तर मी ते लिहिलं असतं आणि ते प्रकरण तिथेच मेलं असतं.

फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी'वर १८५७ मध्ये पॅरिसमध्ये खटला चालला, त्यात सरकारी वकील पिनार याची एक तक्रार होती: या पुस्तकात या बाईला दोषी ठरवणारं एकही पात्र नाही. फ्लोबेर सुटला. पण पिनारने जे हेरलं ते कुठल्याही समीक्षकाने हेवा करावा असं होतं. कादंबरीकार न्यायाधीशाची खुर्ची रिकामी ठेवतो, हे त्याला नेमकं दिसलं. फक्त त्याला तो गुन्हा वाटला. पारबतीच्या गंगारामला बोराड्यांनी कुठे दोषी ठरवलं आहे? कुठेच नाही, कारण निवाडा करायची वेळ आलीच तर ती पारबतीवर येते, आणि ती त्याच्यावर चिडते, त्याला जेवायला वाढते, त्याच्यासाठी रडते.

माझ्या कादंबरीत आणखी एक पोरगा आहे. विद्यापीठात मराठी शिकतो, कविता करतो, रात्री गच्चीवर बसून मकबऱ्याकडे बघतो. तो कोण हे वाचकाला सांगायची गरज नाही. पहिल्या खर्ड्यात कादंबरी तोच सांगत होता. गयाबाई त्याच्या आठवणीत होती, त्याच्या कृतज्ञतेत होती, आणि त्याची कृतज्ञता इतकी जागा घेत होती की बाईला बसायला पाट उरला नव्हता. 'पाचोळा' पुन्हा वाचल्यानंतरच्या काही आठवड्यांत मी त्याच्या हातून कादंबरी काढून घेतली आणि ती गयाबाईकडे दिली. आता तो पंगतीत इतरांबरोबर बसतो. त्याच्या कवितेची एक ओळही पुस्तकात नाही, कारण गयाबाईला त्याने ती कधी ऐकवलेली नाही. तो मेथी टाकतो, भाताला दुसऱ्यांदा वाढून घेतो, महिनाअखेरीला दोन दिवस तिची नजर चुकवतो. तिला दिसतं तेवढंच आता त्याचं असणं. मला वाटलं होतं त्याला असं आकसताना बघून वाईट वाटेल. तसं झालं नाही. तो मला पहिल्यांदाच खरा वाटू लागला, आणि पूर्वी कधी नव्हती अशी त्याची काळजी वाटू लागली.

आता अडलंय ते वहीपाशी. जूनमध्ये नवी पोरं येतात तेव्हा गयाबाई प्रत्येकाला एकदा नीट बघून घेते आणि वहीत त्याची खूण काढते. इतर सगळ्यांच्या खुणा झाल्या आहेत. या पोरासाठी मी पेन, पुस्तक, चंद्र असं काय काय काढून पाहिलं आणि खोडलं. त्या सगळ्या त्याला आवडल्या असत्या अशा खुणा होत्या. गयाबाईला त्याच्यात काय दिसलं, ते अजून तिने सांगितलेलं नाही. बहुतेक काहीतरी जेवणातलं असेल, किंवा त्याच्या चपलांविषयी, कारण तो त्या उंबऱ्यात आडव्या काढतो आणि ती रोज ओरडते.